घरच्याची उडी

मला एका जागी बसता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे सांगता सांगता मी भलतीकडं गेले तर रागावू नका. आई म्हणते, ही पोटात असल्यापासून लाथा झाडते. जेवताना माझा पाय हलतो, टीव्ही बघताना हलतो, देवळात आरती चालू असताना हलतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं झोप आली आणि झोपेत पाय हलला. मग मी गोळ्या सोडल्या. पण गेल्या वर्षी माझी जी घालमेल चालली होती ती नुसत्या पाय हलवण्यानं भागणारी नव्हती. आमच्या आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात थरथरायला लागला होता. आणि तरीही आण्णा सायकली जोडत होते. लोकांच्या पोरांनी हवेत उडवायच्या सायकली.

शिरोली एमआयडीसीत आमचा पत्र्याचा शेड आहे. एका अंगाला फौंड्री, दुसऱ्या अंगाला पंपाचे भाग करणारा कारखाना, समोर दिवसभर ट्रक. त्या गदारोळात आम्ही बीएमएक्स सायकली बनवतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: बुटकी फ्रेम, वीस इंची चाकं, गिअर नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी पण नाही. तिच्यावरून कुणी कामाला जात नाही. पोरं तिच्यावर बसून उड्या मारतात, मातीच्या टेकाडांवरून शर्यती लावतात, पडतात आणि परत चढतात. "मग अशी सायकल घ्यायचीच कशाला?" असं मला बँकेच्या साहेबानं विचारलंय, रिक्षावाल्यानं विचारलंय, सख्ख्या मावशीनं विचारलंय. आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेला प्रश्न, "ते बी कोल्हापुरात?" का हो? कोल्हापुरात काय नुसत्या चपला शिवायच्या आणि रस्सा ओरपायचा?

सुरुवात झाली ती माझ्या थोरल्या भावाच्या दातांपासून. तेव्हा आण्णा उसाच्या ट्रॉल्या बनवायचे. दादा कॉलेजला होता, आणि केबलवर त्यानं कुठल्या तरी परदेशी पोरांना असल्या उड्या मारताना बघितलं. झालं. साध्या बाजारी सायकलीवर बसून हा गडी राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या पायऱ्यांवरून खाली उडाला. सायकलीचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, मोडला, दादाचे पुढचे दात पडले. दवाखान्याच्याच दारात पडले, तेवढी सोय झाली.

आण्णा धावत आले. मला वाटलं, आता दादाला धुतात. त्यांनी दादाकडं बघितलंच नाही, मोडका चिमटा उचलला आणि उन्हात धरून आतून बघितला. "असली सायकल विकतात? लोकांच्या पोरास्नी मारायला काढल्यात व्हय?" एवढंच बोलले. आण्णांना वस्तू मोडलेली सहन होत नाही. त्यांच्या ट्रॉल्या दुप्पट ऊस भरून खड्ड्यांतून जायच्या आणि मोडायच्या नाहीत, त्याचा त्यांना भयंकर माज होता. अजून आहे.

पुढच्या महिन्यात त्यांनी ट्रॉलीचाच पाइप वापरून दादाला सायकल करून दिली. ती उचलायला दोन माणसं लागायची. दादानं तिच्यावरून उडी मारली. सायकलीला ओरखडा नाही, दादाचा घोटा सुजून भोपळ्याएवढा. "बघ, मोडली का?" आण्णा म्हणाले. "आण्णा, मोडत न्हाय, पण उडत बी न्हाय," दादा कण्हत म्हणाला. त्या एका वाक्यानं आण्णांची झोप उडाली. मोडायची नाही आणि उडायची पण, हे कसं जमवायचं? मग पातळ पाइप आणले, ते वाकले. आणखी पातळ, ते चिरले. आमच्या लेथवर चाचा आहेत, आण्णांचे जुने सोबती, तोंडानं फाटके आणि हातानं पक्के. ते म्हणायचे, "मालक, ट्रॉल्या सोडून हे काय खेळणं काढलंय?" आणि म्हणता म्हणता स्वतःच नळ्या कातून द्यायचे. शेवटी मुंबईहून चांगल्या पोलादाचा पाइप मिळाला, आर्गन वेल्डिंगचं मशिन आलं, आणि हलकी, चिवट अशी एक फ्रेम तयार झाली. दादाच्या वर्गातला एक जण ती बघून गेला आणि म्हणाला, मला पण पाहिजे.

इथं आमचा रिवाज सुरू झाला. तो पोरगा सायकल न्यायला आला, तर आण्णा देईनात. नुसते सायकलीभोवती फेऱ्या मारत राहिले. मग दादाला हाक मारली आणि माल चढवायच्या कट्ट्याकडं बोट केलं. शेडच्या दारात सिमेंटचा कट्टा आहे, मांडीच्या वर येईल एवढा उंच. "बस हिच्यावर, आणि मार तिथनं उडी. दुसऱ्याचं लेकरू बसवायच्या आधी आपलं बसवायचं."

तेव्हापासून आमच्या शेडमधून घरच्या माणसानं उडी मारल्याशिवाय एक फ्रेम बाहेर गेलेली नाही. उडी कच्च्या फ्रेमवर मारायची, रंग नंतर. रंगाखाली काय पण लपतं. उडी घरच्यानंच मारायची, पगारी माणसानं नाही. ज्यानं पुढचा मुख्य सांधा जोडला त्यानं मारायची नाही, कारण आपल्या हातचं सगळ्यांना गोडच लागतं. आण्णा खाली, जिथं चाकं टेकतात तिथं, हात मागं बांधून उभे राहणार आणि टेकताना सांधा उघडतो का बघणार. फ्रेम नापास झाली, तर तिथंच ग्राइंडर लावून तिचे तुकडे करायचे. हे कुठं लिहिलेलं नाही. पण आमच्या घरात सत्यनारायण एखाद्या वर्षी चुकला असेल, उडी चुकली नाही.

दादा उड्या मारायचा तोवर मी कट्ट्यावर बसून पाय हलवायचे. मग दादाला पुण्यात नोकरी लागली आणि आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी विचारायची वाट पण बघितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणत होतं की हल, उड, धडपड! मी दादापेक्षा चांगली उडायचे, हे दादा पण कबूल करतो. आई हळदीचा डबा शेल्फच्या पुढं आणून ठेवायला लागली आणि आण्णांना म्हणायची, "पोरीची जात हाय, उद्या लगीन करायचं हाय, नाक मोडलं तर?" आण्णा म्हणायचे, "नाकावर पडत न्हाय ती. ढोपरावर पडती." लग्न मी केलं नाही. का, ते आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे, तुम्हाला सांगत बसत नाही. शेड मात्र मी धरला. मापं मी काढते, ऑर्डरी मी घेते, बंगळूर, हैदराबाद, पुण्याला पार्सल मी पाठवते. वेल्डिंगही शिकले. हँडल, बारीकसारीक पट्ट्या, मागचे सांधे मी जोडायचे. पुढचा सांधा, म्हणजे हँडलची नळी आणि खालचा जाड पाइप जिथं भेटतात तो, फक्त आण्णा जोडायचे. सगळा मार तिथं बसतो. तिथं तुटलं की पोरगं तोंडावर जातं.

आण्णांचा सांधा बघण्यासारखा असायचा. चकलीच्या वळ्या कशा, एकीला लागून एक, तसा. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर कधीतरी मला दिसलं की वळ्या वाकड्या पडतायत. चहा पिताना ते उजवं मनगट डाव्या हातानं धरायला लागले. मी काही न बोलता त्यांचा कप अर्धाच भरायला लागले. त्यांनीही काही न बोलता अर्धा पिऊन परत मागायला सुरुवात केली. आम्ही दोघं इतर वेळी भाजीच्या मिठावरून गल्ली डोक्यावर घेतो, आणि या एका गोष्टीवर दोघांची तोंडं शिवलेली.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. प्रत्येक उडीच्या आधी मी सांधा बोटानं चाचपायचे. वळ्या वाकड्या होत्या, पण धरलेलं घट्ट होतं. आजवर घट्ट. उद्या? पार्सल गेलं की मला त्या पोराचा चेहरा दिसायचा, जो मी कधी बघितलाही नव्हता. फोन वाजला की आधी नंबर कुठला ते बघायचे. मी नाही नाही ते उद्योग केले. गॅस संपला म्हणाले, तर आण्णांनी चाचांना सिलिंडर बघायला लावला. "गॅस हाय की! कोण म्हणतं न्हाय?" चाचा तिकडून ओरडले. लाइट गेली म्हणाले, तेव्हा शेजारची फौंड्री धडधडत होती. आण्णा माझ्याकडं बघून हसले नुसते. दादाला फोन केला, ये आणि सांग त्यांना. "तू तिथं आहेस, तू सांग." "तू थोरला हायस." "म्हणून तर मला जास्त भीती वाटते!" तरी आला बिचारा. दोन दिवस राहिला, पांढरा रस्सा प्याला, आण्णांच्या पाया पडला आणि एक अक्षर न बोलता पुण्याला गेला. मर्दासारखा मर्द, पण आण्णांपुढं मांजर!

शेवटी मीच एकदा धीर करून म्हणाले, "आण्णा, पुढचा सांधा आता मी जोडतो." आमच्याकडं बायकाही जोडतो, जातो, येतो असंच बोलतात, पुण्याच्या वहिनीला त्याचं फार हसू येतं. आण्णांना हसू आलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू जोडलंस तर उडी कोण मारणार? मी?"

मी मनातल्या मनात घरची माणसं मोजली. दादा पुण्यात. त्याची पोरगी अजून बालवाडीत. आई उंबऱ्यावरून उतरताना भिंत धरते. घरचं असं आणखी कोण उरलं होतं? आम्ही दोघंच, एक जोडणारा आणि एक उडणारी. मी रागानं दिवसभर चाचांवर खेकसत राहिले.

त्यात ती आजऱ्याची पोरगी आली. शाळेतली, काटकुळी, गुडघ्यांवर खपल्याच खपल्या. आईचं काजू सोलायचं युनिट होतं आजऱ्याला. त्याच्या मागं मातीचे ढिगारे करून पोरगी आमच्याच एका जुन्या सायकलीवर शिकली होती, बेळगावच्या कुणाकडून तरी घेतलेल्या. आता तिला राज्याच्या निवडीसाठी शर्यतीला जायचं होतं आणि नवी सायकल हवी होती. मी तिचं माप घेत होते, तर ही म्हणते, "पण आजोबांनीच जोडलेली पाहिजे हां. आमच्या सायकलीचा सांधा बघितलाय मी. नाद खुळा!" आण्णा तिथंच होते. छाती फुगली म्हाताऱ्याची. "बघितलंस?" असं माझ्याकडं बघून नुसत्या भुवयांनी म्हणाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पोरीचा नाही, आण्णांचाही नाही, सगळ्याचाच राग आला.

ती फ्रेम आण्णांनी मला जवळ येऊ न देता केली. पोरगी आणि तिची आई न्यायला आल्या त्या सकाळी ते माझ्या आधी रिक्षानं शेडवर गेले होते. मी पोचले तर सायकलीला चाकं बसवलेली, कट्ट्यावर उभी, आणि आण्णा खाली आपल्या जागेवर. चाचा लेथ बंद करून आलेले. काजूची पिशवी पोटाशी धरून पोरीची आई उभी, आणि पोरगी नखं खात.

मी वर चढले, आणि सवयीनं सांध्यावरून बोट फिरवलं. खालच्या अंगाला, वळीच्या कडेला, बोट अडकलं. वेल्डिंग करताना हात हलला होता आणि आगीनं तिथं पाइप खाल्ला होता. कडेनं एक बारीक खाच. वरून दुसरा थर फिरवलेला, म्हणून लांबून दिसत नव्हतं. आण्णांनी तो फसवायला फिरवला नव्हता, त्यांना वाटलं भरलं. त्यांना खाच दिसलीच नव्हती.

मी सीटवर बसले. वाटलं, मारावी उडी. मोडली तर माझ्याखाली मोडेल, माझी हाडं जुनी आहेत, त्यांना पडायची सवय आहे. पण नाही मोडली तर? अशी खाच पहिल्या दणक्याला तुटेलच असं नाही. ती माझ्या एका उडीला टिकेल, आण्णा मान हलवतील, पोरगी हसत आजऱ्याला जाईल, आणि तिकडं कुठल्या तरी ढिगाऱ्यावर, आम्ही कुणी जवळ नसताना, ती तोंडावर जाईल. खाली आण्णा हात मागं बांधून उभे होते, आणि ते हात मागं का बांधलेत हे मला आता माहीत होतं.

"मी उडी मारणार न्हाय," मी म्हणाले.

फौंड्रीच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नाही. "काय?" त्यांनी कानामागं हात धरला. म्हणून मला तेच वाक्य सगळ्यांसमोर, बापाच्या तोंडावर, परत ओरडून सांगावं लागलं.

चाचांनी मान खाली घातली. आण्णांचा चेहरा लाल झाला, कपाळाची शीर उठली. मला वाटलं, आता शिव्यांचा पाऊस. ते कट्ट्याजवळ आले. "का?"

"पुढं पाइप खाल्लाय. खालच्या अंगाला."

"कुठं? मला काय लागत न्हाय." ते अंगठा फिरवत होते, पण भलतीकडं. मी उतरले, त्यांचा अंगठा धरला आणि खाचेवर नेऊन ठेवला. तो माझ्या हातात थडथडत होता. बराच वेळ त्यांनी तो तिथून काढला नाही.

"ग्राइंडर आण," ते म्हणाले. मी म्हटलं, मी कापतो. दिला नाही. स्वतः कापली, पोरीच्या आईच्या पायापर्यंत ठिणग्या गेल्या. कापलेला तुकडा उन्हात धरून आतून बघितला, तसा चिमटा बघितला होता कधीकाळी. मग त्या बाईला म्हणाले, "पावणं, पोरीला सायकल मिळणार. शर्यतीच्या आधी मिळणार. जरा दम धरा." आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसले.

घरी जाताना ते रोज माझ्या गाडीवर मागं बसून माझ्या खांद्यावर हात ठेवतात. त्या दिवशी मागची दांडी धरून बसले. पंचगंगेच्या पुलावर वारा लागला तरी खांदा धरला नाही. घरात ते कुणाशीच बोलेनात. आई मला म्हणाली, "काय केलंस गं त्यास्नी?" मी भडकले. "मी काय केलं? जे केलं ते त्यांच्या हातानं केलं!" असं म्हणाले, आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. संध्याकाळी चालायला बाहेर पडले. राजारामपुरीच्या पहिल्या गल्लीपासून शेवटच्या गल्लीपर्यंत गेले, परत आले, परत गेले. क्लासमधून सुटलेली पोरं माझ्याकडं बघत होती. मला नुसतं चालायचं होतं. बरोबर केलं हे कळत होतं, आणि बरोबर करून इतकं वाईट वाटतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी मी गाडी काढली तर आण्णा टोपी घालून दारात उभे. "चल, उशीर हुतोय." शेडवर जाऊन त्यांनी नवे पाइप काढले, मापं बघितली, साच्यात घट्ट बसवले. पुढचा सांधा तेवढा मोकळा ठेवला. स्टूल ओढून माझ्या मागं बसले. "जोड," म्हणाले.

किती शिव्या खाल्ल्या मी त्या दिवशी! "हात उचल. उचल की! घाई कसली, पाठी लागलंय का कोण? दम खा. आता फिर. आरं देवा, हिला कुणी शिकवलं?" "तुम्हीच!" मी वेल्डिंगच्या मुखवट्यातून ओरडले. "मग बरं शिकवलंय, चालू दे." घाम डोळ्यांत जात होता. चाचा नंतर म्हणाले, तेवढा वेळ तुझा पाय हलला न्हाय. मला पत्ताच नव्हता.

पोरगी आणि तिची आई परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना शर्यतीला निघायचं होतं. सायकल कट्ट्यावर, कच्ची, लखलखीत. आणि सगळे एकमेकांकडं बघत उभे. आता कोण?

"मीच मारतो," मी म्हणाले. "एकदा नियम मोडला म्हणून काय आभाळ कोसळत न्हाय."

"जोडणाऱ्यानं न्हाय," आण्णा म्हणाले.

"मग मी मारतो की," चाचा पुढं झाले. "मी काय परका हाय? मी बी घरचाच."

"घरचाच हायस रे. पण तुला काय झालं तर तुझ्या बायकोपुढं कोण उभं राहणार? मला तेवढं धाडस न्हाय."

"आजोबा, मीच मारते ना," पोरगी म्हणाली. "माझीच तर सायकल आहे."

"तुझ्यासाठीच हे सगळं चाललंय, बाळ. गप उभी ऱ्हा." एवढं बोलून आण्णा वाकले आणि पँटचे पाय मोज्यात खोचायला लागले.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आलं तशी मी किंचाळलेच. "आण्णा! डोकं फिरलंय का तुमचं? वय काय, करताय काय! हाडं गोळा करायला लावताय व्हय? आईला काय सांगू मी?"

"आईला सांगायचंच न्हाय," ते म्हणाले आणि कट्ट्याच्या पायऱ्या चढायला लागले. मी मागं धावले. वर त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. "सांध्यावर भरवसा हाय का तुझा? हाय का न्हाय, तेवढं सांग."

मी काय सांगणार? नाही म्हटलं तर फ्रेम कापायची. हो म्हटलं तर बाप उडणार. "हाय," मी म्हणाले. तो शब्द कसा बाहेर आला मला माहीत नाही.

"मग खाली जा. माझ्या जागेवर उभी ऱ्हा. टेकताना सांधा बघायचा, दुसरं काय न्हाय."

पोरीनं आपलं हेल्मेट दिलं, गुलाबी रंगाचं. ते त्यांच्या डोक्यावर नीट बसेना, कानावरच अडकलं, तरी पट्टा लावून घेतला. चाचांनी सीट धरून त्यांना बसवलं. ट्रॉल्यांच्या आधी, तरुणपणी, दुधाच्या किटल्या लावून सायकल चालवलेला माणूस; हँडल धरल्यावर हात थरथरायचा तो थोडा कमी झाला. मी खाली जाऊन उभी राहिले. हात मागं बांधले, कारण ते माझेही थरथरत होते. मी ठरवलं होतं, नजर सांध्यावर ठेवायची, पापणी हलवायची नाही.

ते आले. दोन पायडल मारले आणि कट्ट्याच्या कडेवरून सुटले. हवेत असताना मला ना सांधा दिसला, ना फ्रेम, ना चाकं. गुलाबी हेल्मेटच्या खालून बाहेर आलेले पांढरे केस दिसले, वासलेलं तोंड दिसलं, सुटलेला शर्ट दिसला. चाकं टेकली. दाणकन आवाज झाला, सायकल डगमगली, ते पुढं जाऊन भंगाराच्या ढिगाला टेकून थांबले. पडले नाहीत. पोरगी ओरडत टाळ्या वाजवत होती. माझे पाय जागचे हलेनात. माझे!

आण्णा धापा टाकत सायकल हातात धरून माझ्यापाशी आले.

"सांधा बघितलास?"

"न्हाय."

"मग काय बघत हुतीस?"

"तुम्हाला."

त्यांनी पट्टा सोडला, हेल्मेट कानांवरून ओढून काढलं. "मला बी कधी दिसला न्हाय सांधा," ते म्हणाले. "तू वर असताना तर एकदा बी न्हाय."

मग हेल्मेट परत डोक्यावर चढवलं आणि सायकल कट्ट्याकडं फिरवली. "आता नीट बघ. परत मारतो."

मी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि सोडलं नाही.